तास विचारावा की गाव?



मुंबईस फोन करताना आपण बोटांवर हिशेब करतो: हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच. भारताचे घड्याळ बारा महिने एकच. हलते ते इस्राएलचे. हाच हिशेब संगणकाला शिकवताना आमच्या नातीची फसगत झाली.

ठाण्याला आमच्या थोरल्या बहिणीचा ऐंशीवा वाढदिवस होता, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, तिकडच्या संध्याकाळी ६ वाजता. नातीने जावास्क्रिप्टमध्ये असे पान केले की, उघडणाऱ्याला त्याच्या घड्याळाची वेळ दिसावी. ऑक्टोबरच्या मध्यास आम्ही ते उघडले, ३.३० वाजता असे वाचले आणि कॅलेंडरवर लिहून ठेवले. त्या दिवशी फोनच्या पडद्यासमोर बसलो, तर केक कापून झालेला आणि बहीण थकून आत गेलेली! खरी वेळ २.३० होती.

चूक एका ओळीत सापडली. 'डेट'च्या कंसात तारीख न घालता तिने 'गेटटाइमझोनऑफसेट' विचारले होते. कंस रिकामा म्हणजे आजचा दिवस. ऑक्टोबरात उत्तर उणे १८०, म्हणजे जागतिक वेळेच्या तीन तास पुढे. २६ ऑक्टोबरला घड्याळे मागे गेली. कंसात २ नोव्हेंबर घातली असती, तर उणे १२० मिळाले असते. (पुढे असणाऱ्यास उणे का? हे फंक्शन जागतिक वेळेतून आपली वेळ वजा करते, तीही मिनिटांत. भारताचे उणे ३३०. आम्ही जन्मभर गणित शिकवले, तरी येथे अडखळलो.)

पण नुसत्या आकड्यावरून गाव कळत नाही. हिवाळ्यात अथेन्स आणि कैरोही दोन तासच पुढे असतात. बदलाचे दिवस मात्र ज्याचे त्याचे. आपल्याकडेच पूर्वी उन्हाळी वेळ योम किप्पूरच्या आधी संपत असे, २०१३ च्या दुरुस्तीपासून ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. म्हणून 'डेटटाइमफॉरमॅट'च्या 'रिझॉल्व्हडऑप्शन्स'मधून झोनचे नाव घ्यावे: 'एशिया/जेरुसलेम'. या नावाखाली जुने-नवे नियम संगणकात साठवलेले असतात.

ठाण्याच्या फोनवर 'एशिया/कोलकाता' दिसेल किंवा जुने 'कलकत्ता'. दोन्ही एकच समजावीत. साऱ्या भारताला तेवढे एकच नाव आहे. मुंबई शोधत बसू नये.