सुगरण विणते, की सुगरणीचा धनी?

पावसाळ्यात वैतरणा स्टेशनाच्या आसपास, खाडीकाठच्या शेतांतून ज्यांचे जाणेयेणे असते, त्या वाचकांनी ताडाच्या झावळ्यांस लोंबणारी सुगरणीची घरटी पाहिली असतील. या पक्ष्यास आपण स्त्रीलिंगी नाव दिले, आणि गृहिणींनी त्याचा कित्ता गिरवावा असा उपदेशही करीत आलो. परंतु अर्धा तास झाडाखाली स्वस्थ उभे राहिल्यास निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. विणणारा नर आहे! पिवळा फेटा मिरवीत तो भाताच्या पातीचे बारीक धागे सोलून आणितो, आणि घरटे निम्मे होताच पंख फडफडवून ते मादीस दाखवितो. बाईसाहेब आत शिरतात, पाहणी करितात आणि पुष्कळदा तशाच निघून जातात. नापसंत घर अर्धेच लोंबत राहते. पसंत पडले तरच तो अंड्यांची खोली व खाली उतरणारी लांब नळी पुरी करितो. मग अंडी उबविण्याचे काम तिच्याकडे सोपवून हे गृहस्थ शेजारीच दुसरे घर व दुसरी गृहिणी यांच्या उद्योगास लागतात! कित्ता कोणी कोणाचा गिरवावा, हे वाचकांनीच ठरवावे.

कोकिळेचेही तेच. गाणारा असतो काळाभोर नर. ठिपक्यांच्या मादीचे लक्ष कावळ्याच्या घरट्याकडे असते.

हसू यावे ते असे, पाहून यावे. ही रीत जाणणारे एक गृहस्थ आपल्याच प्रांतात होऊन गेले. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ साली सातारा येथे एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी झाला. पुढे ते जकात व मीठ खात्यात नोकरीस होते. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्यांत ते होते. बंगल्यातील उंदीर, कावळे, मुंग्या यांस सरहद्दीवरील टोळ्या कल्पून त्यांनी लिहिलेले पुस्तक विनोदी खरे, परंतु त्यातील पशुपक्षी डोळ्यांनी पाहिलेले आहेत.

आमची मुले मात्र घरटे दिसले की काठीने ओढून घरी आणितात. लांब नळीच्या घरट्यात अंडी किंवा पिले असू शकतात. नळी नसलेल्याचा मालक कदाचित अद्याप पसंतीची वाट पाहत असतो. घरटे हवेच असेल तर दिवाळी होऊ द्यावी. तोवर पिले उडून गेलेली असतात, आणि रिकाम्या घराबद्दल कोणी भांडत नाही.