जुना लॅपटॉप, नवा अ‍ॅडॅप्टर

मोठ्या भावाचा दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप अजून चालतो, पण त्याचा अ‍ॅडॅप्टर बंद पडला. घरात मोबाईलचा नवा यूएसबी-सी अ‍ॅडॅप्टर आहे व त्यावर ६५ वॅट असे छापलेले आहे. तो या लॅपटॉपला चालेल का? पुष्कळदा चालतो, मात्र त्याआधी थोडे वाचन आणि थोडे गणित करावे लागते.

प्रथम जुन्या अ‍ॅडॅप्टरची पाठ पाहा. तेथे बहुधा '१९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर' अशासारखे आकडे आढळतील. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. १९.५ × ३.३४ = सुमारे ६५ वॅट.

हे १९.५ कशासाठी? लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियम-आयन घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भारित घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. म्हणजे असे चार घट असतील तर १६.८ व्होल्ट. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते, तसाच भारण करणाऱ्या उगमाचा दाब याहून थोडा अधिक हवा. जास्तीचा दाब लॅपटॉपमधील मंडल उतरवून घेते. म्हणूनच १९.५ ऐवजी २० व्होल्ट मिळाले तरी सहसा बिघडत नाही. फरक जेमतेम अडीच टक्के!

आता नवा अ‍ॅडॅप्टर घ्या. तो सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग केबलमधील एका वेगळ्या तारेवरून बोलणी होतात. अ‍ॅडॅप्टर आपल्याजवळचे दाब सांगतो: ५, ९, १५, २०. यंत्र त्यांतील एक मागते आणि मगच दाब वाढतो. जुन्या लॅपटॉपला ही भाषा येत नाही. त्यासाठी बाजारात खास केबल मिळते. तिच्या एका टोकाला यूएसबी-सी, दुसऱ्या टोकाला जुन्या पद्धतीची गोल पिन आणि आत एक चिमुकले मंडल असते. हे मंडल लॅपटॉपच्या वतीने २० व्होल्ट मागते. दुभाषाच म्हणा ना!

पण मागितले तरी अ‍ॅडॅप्टरजवळ २० व्होल्ट असावे लागतात. मोबाईलच्या काही अ‍ॅडॅप्टरांचे ६५ वॅट म्हणजे १० व्होल्ट गुणिले ६.५ अँपिअर! ते आपल्या उपयोगाचे नाहीत. वॅटवर भुलू नका. '२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर' अशी ओळ शोधा.

केबलचीही मर्यादा असते. साध्या यूएसबी-सी केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटच मिळतात. पूर्ण ६५ वॅट हवे असतील तर ५ अँपिअरची केबल लागते. ६० वॅट मिळत असतील, तर लॅपटॉप बंद ठेवून भारण करावे. तेव्हा शक्ती कमी लागते.

काही लॅपटॉप हट्टी असतात. डेलच्या अनेक जुन्या लॅपटॉपांत गोल पिनच्या मध्यभागी बारीक सुई असते. तिच्यामार्फत अ‍ॅडॅप्टर आपली ओळख देतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भारित होत नाही. अशा वेळी त्या सुईसाठी बनविलेली केबलच घ्यावी.

पिनची ध्रुवता, म्हणजे आत धन की ऋण, हेही जुन्या अ‍ॅडॅप्टरवरील वर्तुळाच्या चिन्हाशी ताडून पाहा. आणि गोल पिन बसते म्हणून हीच केबल घरातल्या १२ व्होल्टच्या राउटरला लावू नका. तिच्यातून २० व्होल्ट येतात, राउटर जळेल.