वहिनीपण काट्यावर आणू नकोस

अगं, हेदवीतल्या आपल्या काजू युनिटवर आता तू बसणार, म्हणून सांगते. बायका पहिल्याच दिवशी तुला ‘वहिनी’ म्हणतील. म्हणू देत. पण वहिनीपण काट्यावर आणू नकोस. जिनं गर सोलला तिच्यासमोरच तो तोलायचा, अख्खा वेगळा, तुकडा वेगळा. आकडा तिला वाचून दाखवायचा, मगच वहीत. लिज्जत पापडवाल्या बघ. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलं. एकमेकींना बहीण म्हणतात, पण तोलल्या-तपासल्याशिवाय पापड घेत नाहीत आणि लाटणावळही थकवत नाहीत.

खरी भांडणं माल वाटताना होतात. नीट वाळलेल्या गराची साल बोटानं सुटते. दमट राहिला तर सुरीनं खरवडावा लागतो, तुकडा पडतो, तिची मजुरी जाते. तुझ्या लाडकीला रोज सुटा माल गेला की संध्याकाळी वाडीभर बोभाटा. पाळीनं वाट. जावाजावांना शेजारी बसवू नकोस. का ते कळेल.

तुकडा जास्त पडला तर चारचौघींत बोलायचं नाही. घरी सासूचं ऐकून आलेली असते ती. शेजारी बस, चार गर सोलून दाखव. वयानं मोठी असेल तिला काकी म्हण, पण सालीसकट गर आला तर काकीलाही परत दे.

बाईच बाईला समजून घेते, हे भाषणात ठीक. सुट्टी मागितली की नाकं आपणच मुरडतो. ‘आम्ही नाही का केलं?’ हे तोंडातून काढायचं नाही. समजून घ्यायचंच तर संडासाला आतून कडी आणि बादलीभर पाणी, हे आधी बघ.

10 माणसं कामाला झाली की लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यानं अंतर्गत समिती लागते. सगळ्या बायकाच आहेत, समिती कशाला, असं म्हणू नकोस. टेम्पोवाला येतो, व्यापारी येतो.

भातलावणीत कुणी फिरकणार नाही. ऑर्डर घेतानाच ते धर. गणपतीआधी उचल मागतील. द्यायची, वहीत तिची सही घ्यायची. आणि किती दिली ते तिच्या नवऱ्यानं विचारलं, तर ‘तिलाच विचारा’ म्हणायचं.