तहान नेमकी कुणाची? कापलेलं फूल आणि कुंडीतलं झाड



घरची पूजा असो, हळदीकुंकू असो नाहीतर लेकीचं लग्न, फुलांशिवाय आपलं पान हलत नाही. आता तर आपल्यातल्या बऱ्याच गटांनी हार, गजरे, बुके आणि शोभेच्या कुंड्या विकायला घेतल्या आहेत. हा माल नाशवंत. समजा १०० गुलाबांची ऑर्डर आहे, एक फूल १० रुपयांना ठरलंय, आणि कार्यक्रमाआधीच २० फुलांनी माना टाकल्या. म्हणजे २०० रुपये गेले, आणि पुढच्या वेळी गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार ते वेगळंच.

फूल किंवा झाड सुकायला लागलं की आपला हात आधी तांब्याकडे जातो. या पाठात एवढंच शिकायचं आहे: पाणी ओतायच्या आधी बघायचं. कापलेल्या फुलाचा देठ बघायचा, कुंडीतल्या झाडाची माती बघायची. भरल्या बाटलीतलं फूल तहानेनं मरू शकतं आणि कुंडीतलं झाड जास्त पाण्यानं मरू शकतं. कसं ते समजून घेऊ.

भाग १ : कापलेलं फूल

फूल तोडलं म्हणजे ते लगेच मरत नाही. त्याची मुळं गेली, पण देठातल्या बारीक नळ्यांतून ते पाणी ओढतच असतं. या नळ्या दोन कारणांनी बंद होतात. एक, कापल्यावर देठाच्या टोकात हवा शिरते. दुसरं, बाटलीतलं पाणी सडलं की त्यातले जंतू नळ्यांची तोंडं बुजवतात. मग बाटली भरलेली असूनही फूल तहानलेलंच राहतं. म्हणून हे करा:

१. फुलं पहाटे किंवा ऊन उतरल्यावर काढा. दुपारी झाड स्वतःच तहानलेलं असतं. पाण्याची बादली बांधावर सोबतच न्या.

२. कुठलं फूल कधी काढायचं हे ठरलेलं आहे. बुकेसाठी गुलाब कळी सुटताना, एक-दोन पाकळ्या उलगडल्यावर. निशिगंधाची दांडी खालची एक-दोन जोडी फुलं उमलल्यावर. गजऱ्यासाठी मोगऱ्याच्या पूर्ण भरलेल्या, पण न उमललेल्या कळ्या. हाराचा झेंडू मात्र पूर्ण उमललेला.

३. देठ धारदार ब्लेडनं किंवा कात्रीनं तिरका कापा. बोथट हत्यारानं देठ चेंगरतो आणि नळ्या दबतात. घरी आल्यावर देठाचं टोक पाण्यात बुडवून एक इंच पुन्हा कापा, म्हणजे आत हवा शिरत नाही.

४. पाण्याखाली जाणारी पानं काढून टाका. पाणी सगळ्यात आधी तिथंच सडतं.

५. बाटली आधी साबणानं घासून घ्या. पाणी रोज बदला आणि दर दोन दिवसांनी देठ थोडा कापा. एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा साखर आणि दोन छोटे चमचे लिंबाचा रस घातला तर चालतो. साखर फुलाला खाऊ म्हणून, लिंबू जंतूंना अटकाव म्हणून. नुसती साखर घालू नका, त्यानं जंतूंचंच पोट भरतं.

६. जरबेऱ्याला दोन-तीन इंचच पाणी ठेवा. त्याचा मऊ, लवदार देठ खोल पाण्यात लवकर कुजतो.

७. फुलं पिकत्या फळांजवळ ठेवू नका. आढीत एक आंबा पिकला की बाकीचे पटापट पिकतात हे आपल्याला माहीतच आहे. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याचं हे काम. याच वायूनं गुलाबासारखी फुलंही लवकर गळतात. सुकलेलं फूलही हा वायू सोडतं, म्हणून जुडीतलं सुकलेलं फूल लगेच काढा.

गुलाबानं मान टाकली तर घाबरू नका. देठ पाण्यात बुडवून पुन्हा कापा, जुडी वर्तमानपत्रात सरळ गुंडाळा आणि खोल पाण्यात तास-दोन तास सावलीत उभी ठेवा. नळीत फक्त हवा अडकली असेल तर मान परत उभी राहते.

सुट्या फुलांची गोष्ट वेगळी. झेंडू, शेवंतीवर पाणी मारून ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली तर आत वाफ धरते आणि पाकळ्या काळ्या पडतात. बांबूच्या पाटीत सैल ठेवा आणि वरून ओलं, पण घट्ट पिळलेलं सुती कापड टाका. गजरा ओलसर कापडात गुंडाळून केळीच्या पानात ठेवला तर चांगला टिकतो.

भाग २ : कुंडीतलं झाड

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिखलासारखी राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं सुकतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, आपण आणखी पाणी घालतो, आणि झाड जातं.

बोटाची परीक्षा करा. बोट मातीत एक इंच घाला. ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या. रोज ठरवून तांब्याभर घालायची सवय सोडा. कोरफड, स्नेक प्लांट यांना तर माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. उलट उन्हाळ्यात मातीच्या लहान कुंडीला रोजही लागू शकतं, कारण ती कुंडी सगळ्या बाजूंनी सुकते.

माती फार कडक झाली असेल तर वरचं पाणी कडेनं नुसतं वाहून जातं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवा, मग बाहेर काढून निथळू द्या.

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती ओली असताना चिकटते आणि सुकली की भेगाळते. दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू असं मिश्रण करा. कच्चं शेण घालू नका, त्यातून हुमणी येते. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा, म्हणजे माती वाहत नाही आणि पाणी अडत नाही.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं पुसून काढा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारा.

भाग ३ : दोन गोष्टी विसरू नका

डास. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. फुलदाणी, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली या त्याच्या आवडीच्या जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ही सगळी भांडी रिकामी करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून आतून घासा.

विषारी झाडं. हिरव्या पानावर पांढरे ठिपके असलेलं डिफेनबाकिया दिसायला छान, पण पान चावलं तर तोंड, जीभ सुजते. कण्हेर तर फारच धोक्याची, तिचं विष हृदयावर परिणाम करतं. लहान मूल, शेळी, वासरू पोचेल तिथं ही झाडं ठेवू नका. मुलानं चावलंच तर तोंड धुवा, उलटी करवू नका, पानाचा तुकडा सोबत घेऊन लगेच दवाखान्यात न्या. अशी झाडं विकत असाल तर गिऱ्हाइकाला आधी सांगा.

बैठकीत करून बघा

एकाच झाडाची सहा फुलं आणा. तीन फुलं वर सांगितल्याप्रमाणे कापून, खालची पानं काढून स्वच्छ बाटलीत ठेवा आणि पाणी रोज बदला. उरलेली तीन तशीच दुसऱ्या बाटलीत ठेवा, पाणी बदलू नका. एका ताईनं दोन्ही बाटल्या घरी सांभाळाव्यात आणि कुठलं फूल कितव्या दिवशी सुकलं ते वहीत लिहावं. (दुसरी बाटलीही आठवड्याच्या आत रिकामी करा, डासांचं लक्षात आहे ना?) पुढच्या बैठकीत वही वाचा आणि यावर बोला:

• आपल्या गटाची फुलं किंवा रोपं नेमकी कुठल्या टप्प्यावर खराब होतात? तोडताना, नेताना की ठेवल्यावर?

• ते थांबवायला बिनखर्चाचं कुठलं एक काम उद्यापासून सुरू करता येईल?

• कुंडी विकताना पाणी कधी द्यायचं याची छोटी चिठ्ठी सोबत देता येईल का?

झाड जगलं तर गिऱ्हाईक परत येतं. म्हणून ही चिठ्ठी आपल्या मालाचाच भाग समजा.