धान्य विकण्याची घाई

सोयाबीनची रास पडताच ती सर्व बाजारात नेऊ नये. त्या दिवसांत आवक फार, म्हणून भाव उतरतो. माल चाळून उन्हात वाळवावा. ओलावा शेकडा 12 हून अधिक असल्यास भाव कापला जातो. पण बियाण्याचे देणे दाराशी उभे असेल तर? महाराष्ट्रात 1990-91 पासून शेतमाल तारण कर्ज योजना आहे. ती चालविणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात माल ठेविल्यास किमतीच्या शेकडा 75 पर्यंत रक्कम सहा महिन्यांच्या मुदतीने मिळते. तथापि पुढे भाव चढेलच असे नाही. यास्तव काही माल विकावा, काही राखावा. वजन डोळ्यांदेखत करवून हिशोबपट्टी मागून घ्यावी. ज्यास वाचता येते त्याने शेजाऱ्याचीही पट्टी वाचून दाखवावी.