लाल केसांचा सावकार आणि तुझी वही

बूढापारा, रायपूर
आषाढ अमावस्या

चि. मनूस,


तुझा निरोप पोचला, वहीच्या पानाचा फोटोही पोचला. तोच फोटो तुझ्या आईनेही मला पाठवला, लेक किती मेहनत घेते ते बघा म्हणून. शब्दकोश उघडायचा, ‘ए’पासून सुरुवात करायची, रोज पंचवीस शब्द उतरवायचे, पुढे हिंदीत अर्थ, त्याच्यापुढे मराठीत, आणि खाली लाल शाईची रेघ. अक्षर सुरेख आहे, त्यात वाद नाही. पण ही वही आजपासून बंद कर.

रागावू नकोस. आधी एका माणसाची हकीकत ऐक.

लंडनमध्ये जेबेझ विल्सन नावाचा एक सावकार होता, लोकांच्या वस्तू गहाण ठेवून पैसे देणारा. खरा नव्हे, गोष्टीतला. त्याचे केस लालभडक. एक दिवस त्याच्या दुकानातला नोकर वर्तमानपत्रातली जाहिरात घेऊन आला: लाल केसांच्या पुरुषांसाठी एका मंडळात जागा रिकामी आहे, आठवड्याला चार पौंड मिळतील. विल्सन गेला आणि शेकडो लाल डोक्यांतून त्याचीच निवड झाली. काम काय? रोज दहा ते दोन एका खोलीत बसायचं आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका पहिल्या पानापासून हाताने उतरवून काढायचा. शाई, टाक आणि कागद पदरचे. त्या चार तासांत काहीही झालं तरी जागेवरून हलायचं नाही, हललास तर नोकरी गेली. हा भला माणूस आठ आठवडे उतरवत बसला. मठाधिपती झाले, तिरंदाजी झाली, चिलखतं झाली, वास्तुकला झाली, आणि आता लवकरच ‘बी’ला हात घालू अशी आशा वाटू लागली. तेवढ्यात एका सकाळी पाहतो तर खोलीला कुलूप आणि दारावर पाटी: मंडळ बरखास्त. तेव्हा तो शेरलॉक होम्स या गुप्तहेराकडे धावला. कशासाठी? चार पौंड बुडाले म्हणून! आठ आठवड्यांच्या त्या अभ्यासाचा पुढे त्याला काही उपयोग झाला, असं गोष्टीत कुठेही दिसत नाही.

तू त्याच्या पुढे आहेस. फोटोत मला ‘सी’चे शब्द दिसले.

आर्थर कॉनन डॉयलची ही ‘द रेड-हेडेड लीग’ नावाची कथा लंडनच्या स्ट्रँड मासिकात ऑगस्ट १८९१ मध्ये छापून आली. तिचीच सोप्या इंग्रजीत केलेली एक पातळ पुस्तिका या पत्रासोबत पाठवतो आहे. पार्सल उघडून पानांची संख्या बघशील आणि म्हणशील, मामाने मला बालवाडीत घातलं. तसं म्हणायच्या आधी पुढचं वाच.

तुझी अडचण मला नीट कळते. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढी, आणि आता पुण्यात वर्गात सर फळ्याकडे तोंड करून तासभर इंग्रजी बोलणार. तिथल्या मुलींना वाटतं तू मागासलेली, आणि तुलाही ते खरं वाटू लागलंय. अगं, तीन भाषा तू आधीच घेऊन गेली आहेस. त्यातली छत्तीसगढी तुला कोणत्या वहीने शिकवली? भाजीवालीने, शेजारच्या आजीने आणि तिच्या भुतांच्या गोष्टींनी. गोष्ट पुढे कळायला हवी म्हणून तू कान टवकारून बसायचीस आणि न कळलेला शब्द आपोआप उलगडायचा. आपल्या बूढापाऱ्यातल्या शाळेला ज्या माधवराव सप्रे यांचं नाव आहे, ते मराठी घरातलेच. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, पुढे दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. एका घरात दोन-तीन भाषा नांदणं ही इथली जुनीच रीत आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता गुप्तहेरकथाच का, ते सांगतो. रहस्य असलं की पान उलटावंसं वाटतं, हे कोणीही सांगेल. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय आणि झुंझारने मराठी माणसांच्या दोन पिढ्यांना वाचायची चटक लावली ती याच जोरावर. नव्याने भाषा शिकणाऱ्याला मात्र या कथेचा आणखी एक फायदा आहे, आणि तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. होम्सच्या कथेत घडलेली हकीकत दोनदा सांगितली जाते. आधी दारात आलेला घाबरलेला माणूस सांगतो: असं झालं, मग तसं झालं, मला काही समजत नाही. मधे होम्स त्याला प्रश्न विचारतो, जाऊन जागा पाहून येतो. शेवटी तीच हकीकत तो पुन्हा सांगतो, या खेपेला कारणांसकट. म्हणजे पहिल्यांदा जे निम्मंच कळलं होतं ते दुसऱ्यांदा, त्याच शब्दांत पण उजेडात, तुझ्यासमोर येतं. कादंबरीत ही सोय नसते, वर्तमानपत्रात तर नाहीच नाही. वर्गात शिक्षक उजळणी घेतो तेव्हा मुलं जांभया देतात, इथे उजळणीचीच सगळे वाट पाहत असतात.

दुसरं, व्याकरण. मी आयुष्यभर हिंदी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. ‘हॅड’ लावून होणारा पूर्ण भूतकाळ मुलं घडाघडा म्हणून दाखवत, पण तो असतो कशाला, हे त्यांना सांगता येत नसे. या कथेत ते आपसूक कळतं. विल्सनचा नोकर अर्ध्या पगारावर कामाला आला होता, धंदा शिकायचाय म्हणून. तो आधी आला की जाहिरात आधी आली? होम्स हा प्रश्न मुद्दाम विचारतो. उत्तर असं की जाहिरात निघाली तेव्हा नोकराला येऊन साधारण महिना झाला होता, आणि ती जाहिरात मालकाला दाखवली ती त्यानेच. आधी काय घडलं होतं आणि नंतर काय घडलं, यावरच सगळं रहस्य टांगलेलं आहे. तो ‘हॅड’ तू गाळलास तर चोर सुटेल.

पुढे होम्स त्या दुकानापाशी जातो, दारासमोरच्या फरशीवर काठी आपटतो, दार ठोठावतो आणि नोकराला कुठलासा रस्ता विचारून परत फिरतो. त्याचा मित्र वॉटसन याला वाटतं, नोकराचा चेहरा पाहायला गेला असेल. होम्सला पाहायचे होते त्याच्या विजारीचे गुडघे. का, ते मी सांगणार नाही. काठी का आपटली, तेही नाही.

आता पुस्तिकेच्या पातळपणाबद्दल. सोपं केलेलं इंग्रजी म्हणजे कमअस्सल इंग्रजी, असा आपल्याकडे समज आहे. या सोप्या पुस्तकांच्या घडणीत आपल्याच देशाचा मोठा हात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणाधिकारी तेव्हा हिंदुस्थानात असलेल्या ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी एक पुस्तक सुखाने वाचू शकत नाहीत, हे त्याला दिसलं. बोलणं मागाहून येईल, आधी वाचता तर येऊ दे, असं त्याने ठरवलं. मग त्याने गोष्टी नव्याने लिहून घेतल्या: दुर्मिळ शब्द काढून रोजचे घातले, आणि नवा शब्द आला की तो लगेच पुन्हापुन्हा येईल अशी योजना केली, म्हणजे पाठ करायची गरजच उरू नये. १९२६ साली बंगालमधल्या द्विभाषिकतेवर त्याचा अहवाल निघाला. पुढे १९५३ मध्ये त्याने सुमारे २,००० अत्यंत उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली, तिच्यावर जगभरची पाठ्यपुस्तकं पोसली गेली. आजच्या मालिकांच्या मुळाशी तोच हिशेब आहे. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालिकेत पहिल्या पायरीला ४०० शब्द, दुसरीला ७००, तिसरीला १,०००, आणि अशी सहावी पायरी २,५०० वर जाते. ४०० शब्दांत गोष्ट सांगणं हे सोपं काम नाही, एकदा करून बघ.

आमच्या आधीची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढली. एक वाक्य मराठीतून इंग्रजीत, एक इंग्रजीतून मराठीत. त्या अभ्यासाने शिस्त आली, हे मी नाकारत नाही. पण त्या वाक्यांतला कोणी माणूस पुढच्या वाक्यात पुन्हा भेटत नसे, त्यामुळे त्याचं पुढे काय झालं याची कोणाला काळजीही नसे.

वाचायचं कसं? पहिल्यांदा पेन्सिल हातात घेऊ नकोस आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. अडलेल्या शब्दावरून सरळ पुढे जा. शंभर शब्दांत दोन-चार अडले तर चालतं, दहा-बारा अडू लागले तर पुस्तक तुझ्या पायरीचं नाही, खालची पायरी घे. कथा संपली की रूममेटला ती मराठीत सांग. ती मराठी नसेल तर हिंदीत, आणि फोनवर मला सांगायची असेल तर छत्तीसगढीत सांग, मजा येईल. सांगताना जिथे ‘मग काहीतरी झालं’ असं म्हणावं लागेल, तेवढंच पान पुन्हा उघड. दुसरं वाचन मोठ्याने. होम्स आणि विल्सनचे प्रश्नोत्तराचे भाग तर दोघींनी वाटून घेऊन वाचा. इंग्रजीत प्रश्न विचारायला आपली मुलं फार चाचरतात, आणि होम्स दर पानावर प्रश्न विचारतो. तिसऱ्या वेळी अडलेले शब्द शोध, पण ते शब्दकोशाच्या क्रमाने लिहू नकोस. ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासकट लिही.

एक बजावतो. टीव्हीवरचा होम्स आधी बघू नकोस आणि मराठी अनुवादही आधी वाचू नकोस. चोर कोण ते कळलं की तू पान उलटणार नाहीस, मी तुला लहानपणापासून ओळखतो.

ही कथा झाली की ‘ब्लू कार्बंकल’ घे. एक टोपी, एक हंस आणि एक चोरलेलं रत्न, एवढाच पसारा. त्यानंतर ‘स्पेकल्ड बँड’. तिच्यात हिंदुस्थानातून नेलेला साप आहे, तो बशीतलं दूध पितो, शीळ ऐकून परत येतो आणि दोरावरून चढतो-उतरतो. नागपंचमी पाच दिवसांवर आली आहे, तू कुठल्याही सर्पमित्राला विचार, तो डॉयलसाहेबांची कीव करील. तरी कथा अशी जमलेली आहे की वाचताना शंका काढायचं सुचत नाही. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ने मात्र सुरुवात करू नकोस. होम्सची ती पहिली कादंबरी, १८८७ ची, पण अर्ध्यावर ती होम्सला सोडून अमेरिकेच्या वाळवंटात जाते, आणि नवशिका वाचक तिथेच भरकटतो.

या पुस्तिकांनी तुझा केमिस्ट्रीचा तास कळायला लागेल, असं मी म्हणत नाही. त्या विषयाचे शब्द त्या विषयाच्या पुस्तकातच भेटणार. पण वाक्य कसं चालतं, कर्ता कुठे बसतो, ‘बिकॉज’च्या मागे काय येतं आणि पुढे काय, हे अंगवळणी पडलं की सरांच्या बोलण्यातला एखाददुसरा जड शब्द निसटला तरी वाक्य हातात राहतं. सध्या तुझ्या हातून अख्खं वाक्यच निसटतंय, दुखणं तिथे आहे. आणि सोप्या पुस्तिकेत मुळातली खुमारी राहत नाही, हेही खरं. होम्सचा तिरकसपणा, लंडनचं धुकं, वॉटसनची भाबडी भक्ती, यातलं बरंच गळतं. म्हणून सहा महिन्यांनी मूळ कथा वाच. ती आता कोणाच्या मालकीची नाही, नेटवर फुकट मिळते. मुळात एक गंमतही दडलेली आहे. जाहिरात २७ एप्रिल १८९० च्या पेपरातली, वॉटसन म्हणतो तिला दोन महिने झाले, आणि दारावरच्या पाटीवर तारीख ९ ऑक्टोबर. डॉयलसाहेबांचा हिशेब चुकला. तुझ्या पुस्तिकेत या तारखा ठेवल्यात की गाळल्यात, ते मला कळव.

इथे आज हरेली, तुमच्याकडे दिव्यांची अवस. मामीने पार्सलमध्ये ठेठरी घातली आहे, रूममेटला दे, नाहीतर मोठ्याने वाचताना ती ‘स्पेकल्ड बँड’मधल्या सापाचा आवाज काढायची नाही. पाऊस बरा झालाय, बूढातालाब काठोकाठ आहे.

उत्तरात फक्त एवढंच लिही: तो नोकर अर्ध्या पगारावर का राबत होता? इंग्रजीत लिही, तीन वाक्यांत, आणि एका तरी वाक्यात ‘बिकॉज’ येऊ दे. चुका मी लाल शाईने दाखवीन, ती शाई आता तुझ्याकडे उरली नसेल.

तुझा,
मामा