लस, प्रतिविष आणि घोडा

आमच्या डिचोली, पेडणे, सत्तरी ह्या भागांत घोडा पाहावयास मिळतो तो बहुधा शिगम्यात. कमरेला लाकडी घोडा बांधून, हाती तलवार घेऊन घोडेमोडणीचे गडी ढोल-ताशांच्या गजरात नाचू लागले की बालगोपाळांच्या आनंदाला पारावार राहत नाही. हाडामांसाचा घोडा मात्र नार्व्याच्या शेतांतून वा कुळागरांतून सहसा दृष्टीस पडत नाही. असे असूनही ह्या प्राण्याचे आपल्यावर मोठे ऋण आहे. भातकापणीच्या वेळी किंवा काजूच्या बागेत पाचोळा सारताना कोणाला घोणस अथवा फुरसे डसले, तर इस्पितळात शिरेवाटे जे औषध देतात, ते घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले असते. ते सिद्ध होताना घोड्याला काय सोसावे लागते आणि मुळात टोचणीचा त्रास त्याला का होतो, ह्याचा विचार येथे करू.

प्रथम साधी लस घेऊ. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात; आणि पाळीव जनावरांत ह्या रोगाला घोड्याइतके सहज बळी पडणारे दुसरे जनावर नाही. म्हणून घोड्याला धनुर्वाताची लस टोचतात. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी मानेवर सूज येते, अंग किंचित तापते आणि जनावर मलूल दिसते. मान आखडल्यामुळे त्याला जमिनीवरचा चारा खाता येत नाही. तेव्हा शहाणा मोतद्दार गवत आणि पाणी छातीच्या उंचीवर ठेवतो. एकदोन दिवसांत सारे पूर्ववत होते. ही सूज म्हणजे लस बिघडल्याची खूण नव्हे. परका पदार्थ शरीरात शिरला, त्याला ओळखण्यासाठी रक्तातील पेशी त्या जागी धावल्या, त्यांची ती गडबड असते. ज्या क्रियेने संरक्षण मिळते तिचाच हा आरंभ होय.

परंतु सर्वच त्रास इतका निरुपद्रवी नसतो. सुई अस्वच्छ असली तर टोचल्या जागी गळू होते. क्वचित एखाद्या घोड्याला काही मिनिटांतच अंगभर गांधी उठतात, धाप लागते आणि तो कोसळतो. अशा वेळी पशुवैद्याने तत्काळ अ‍ॅड्रिनलिन टोचले तरच आशा असते.

तिसरा प्रकार अधिक कपटी आहे. दक्षिण आफ्रिकेत आर्नल्ड टायलर हे पशुवैद्य घोड्यांना 'आफ्रिकन अश्वरोगा'ची लस देत. (हाच रोग १९६० साली भारतातही शिरला होता.) जिवंत विषाणूंबरोबर दुसऱ्या घोड्याचे रक्तजलही टोचावे लागे. पुढे कित्येक आठवड्यांनी त्यांतील काही घोड्यांना कावीळ होऊन ते दगावू लागले, असे त्यांनी १९१९च्या सुमारास नमूद केले. दोष लशीच्या विषाणूंचा नव्हता. संशय जात होता तो सोबतच्या रक्तजलावर. त्यात लपलेला एक अतिसूक्ष्म विषाणू हाती लागला तो २०१८ साली, म्हणजे सुमारे शंभर वर्षांनी! योगायोग असा की, ह्याच टायलरांचे पुत्र मॅक्स यांना पीतज्वरावरील लशीच्या संशोधनाबद्दल १९५१चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि १९४२ साली ती लस घेतलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांना कावीळ झाली, तीही लशीत मिसळलेल्या मानवी रक्तजलामुळेच. लशीला दोष देण्यापूर्वी तिच्याबरोबर आणखी काय गेले हे तपासावे लागते, ते ह्यासाठी.

आता सर्पविषाकडे वळू. हा विषय शिकवीत असता वर्गात एकाने आम्हांस विचारले, "सर, विष टोचल्यावर घोडा मरत कसा नाही?" प्रश्न मार्मिक होता. उत्तर मात्रेत आहे. फ्रेंच वैद्य काल्मेत यांनी १८९० नंतरच्या दशकात नागाच्या विषावर ही वाट पाडली. प्रारंभी विष अत्यल्प, तेही उग्रता मंदावेल अशा द्रव्यात कालवून, कातडीखाली टोचतात. घोड्याचे शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनविते. मग मात्रा हळूहळू वाढवितात. काही महिन्यांनी घोडा इतके विष पचवितो की, आरंभी तेवढे दिले असते तर तो तेथेच आडवा झाला असता. घोडा निवडण्याचे कारण उघड आहे: जनावर सौम्य, सवय लावता येण्याजोगे, आणि चांगल्या बांध्याच्या घोड्याच्या अंगात सुमारे ४० लिटर रक्त असते. काढलेल्या रक्तातील तांबड्या पेशी त्याला परत देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे, त्यामुळे त्याचा अशक्तपणा पुष्कळ कमी होतो. परंतु टोचल्या जागी सूज येते, गाठी बसतात, कधी त्या फुटून वाहतात. आणि वर्षानुवर्षे टोचण्या घेतलेल्या काही घोड्यांच्या यकृतात एक प्रकारचे प्रथिन साचून यकृत निकामी होते. हे त्रास टाळता येण्याजोगे नसतील, पण जागा बदलणे, मात्रा बेताने वाढविणे आणि घोड्याला पुरेशी विश्रांती देणे हे माणसाच्या हाती आहे. तेथे काटकसर करणारा माणूस आमच्या मते निर्दय तर खराच, शिवाय अदूरदर्शीही. कारण आजारी घोड्याचे रक्तजल चांगले निपजत नाही.

मुंबईत परळ येथील हाफकीन संस्थेचे नाव पालकांना ठाऊक असेल. १८९९ साली प्लेगच्या प्रयोगशाळेच्या रूपाने ती तेथे उभी राहिली, १९२५ साली तिला हाफकीन यांचे नाव मिळाले, आणि पुढे प्रतिविषाचे कार्यही तेथे वाढीस लागले. भारतातील प्रचलित प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चौघांच्या विषांवर चालते. आपल्या रानातल्या हिरव्या चापड्याचे विष ह्या घोड्यांना टोचलेले नसते. म्हणून त्याच्या दंशावर ह्या औषधाचा भरवसा धरता येत नाही.

घोड्याने सोसलेले माणसाच्याही वाट्याला थोडे येते, ही ह्या विषयातली विलक्षण गोष्ट. घोड्याचे प्रथिन आपल्या शरीराला परकेच. त्याने काहींना लगेच गांधी, उलट्या, धाप असा त्रास होतो. काहींना आठदहा दिवसांनी ताप येऊन सांधे दुखतात. ह्या दुसऱ्या विकाराचे वर्णन फॉन पिर्के आणि शिक यांनी १९०५ साली केले, आणि पुढच्याच वर्षी पिर्के यांनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडविला. अलीकडे पेप्सिन ह्या पाचकद्रव्याने प्रतिद्रव्याचा नको असलेला भाग छाटून टाकतात, तरी धोका सर्वस्वी जात नाही. सर्पदंश झालेल्या माणसाला मांत्रिकाच्या अंगणात न थांबविता थेट इस्पितळात न्यावे लागते, त्याचे हेही एक कारण आहे. प्रतिविषाची बाटली लावण्यापूर्वी तेथील परिचारिका एक सुई भरून जवळ ठेवते. तिच्यात अ‍ॅड्रिनलिन असते, कोसळलेल्या घोड्याला पशुवैद्य टोचतो तेच.